दोनशे चौदा नंबरचा माणूस

ते प्रकरण मी विसरलो नाही, आणि कुणी विसरायला सांगितलं तरी ऐकणार नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. पेपरात चार ओळी आल्या आणि त्या चार ओळींत माझं नाव नव्हतं. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी दिवसभर खुर्चीला पाठ टेकू शकलो नाही असे दिवस मोजके, आणि त्यातला हा एक.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. आई चाकणच्या आठवडी बाजारात कोथिंबीर-मेथी विकायची. भाव करायला मी तिच्या पाटीशेजारी बसून शिकलो. गिऱ्हाईक तोंडाने काय म्हणतं ते ऐकायचं नाही, त्याची नजर कुठल्या जुडीवर आहे ते बघायचं, असं ती सांगायची. पुढे चौकशीच्या खोलीत मला कुठल्याही पुस्तकापेक्षा हे जास्त उपयोगी पडलं. राग मात्र माझा स्वतःचा. तो कुणी शिकवला नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची तक्रार आली. टूल रूममधून कार्बाइड इन्सर्टच्या नऊ सीलबंद डब्या गेल्या होत्या. इन्सर्ट म्हणजे लेथवर लोखंड कापणारी नखाएवढी टोकं. खिशात मावतात आणि बाहेर हातोहात खपतात. तक्रार आली तेव्हा चोरीला तीन महिने उलटले होते. डब्या कंपनीतल्याच दुसऱ्या शॉपला दिल्या असतील असं स्टोअरवाला समजत राहिला. साठा मोजायला घेतला तेव्हा त्याला घाम फुटला.

भोसरीत हत्यारांना धार लावणारे एक चाचा माझ्या जुन्या ओळखीचे. मी त्यांच्या कानावर घालून ठेवलं होतं. आठवडाभरात त्यांचा फोन आला.

"साहेब, त्या नऊ डब्यांचं विचारत होता ना? तीन महिन्यामागं, पहिल्या इतवारी उचलल्यात. ठेकेदाराचा माणूस हाय, कंपनीतलाच."

"तुम्ही पाहिला?"

"नाय हो. गिऱ्हाईक बोलत होतं, ते मी ऐकलं. माल अजून दाबून ठेवलाय म्हणे. माझं नाव मात्र कुठं यायला नको, राव. मला इथंच दुकान चालवायचंय."

एवढ्यावर मी कंपनीकडून त्या रविवारचा रिपोर्ट मागवला. टूल रूमच्या दाराला मशीन होतं. टोकनचं कार्ड लावलं की दार उघडतं आणि नोंद होते. त्या रविवारी दार एकदाच उघडलं होतं. टोकन नंबर दोनशे चौदा. पुढे नाव, फोटो, मोशीचा पत्ता आणि कामावर लागल्याची दोन वर्षांपूर्वीची तारीख. कागदावर कंपनीचा शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, पहिली शिफ्ट आत शिरत असताना, गेटवरून मी त्याला उचललं. दोनशे माणसांच्या रांगेतून. माझी चूक इथूनच सुरू होते, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

माणूस तिशीचा, लातूरकडचा, अंगाने बारीक. ठाण्यात आणून बसवला. मी टेबलावर हात आपटला आणि वरच्या पट्टीत सुरू केलं. चहाचा कप उडून भिंतीवर फुटला. तो दचकला, पण सारखं एकच सांगत राहिला.

"साहेब, म्या तवा हितं नव्हतोच. निलंग्याला गॅरेजात होतो. हितं येऊन दीड महिना झालाय मला."

"कॉम्प्युटर म्हणतो दोन वर्षं झाली."

"कॉम्प्युटरला काय म्हणायचं ते म्हणू द्या. म्या दीड महिन्यापूर्वी आलो."

"टूल रूममधलं कपाट हिरवं की निळं?"

"टूल रूम? तिकडं आमाला कुठं जाऊ देत्यात? म्या पॅकिंगला हाय."

खोटं बोलणारा माणूस रंग सांगतो, किंवा 'आठवत नाही' म्हणतो. ह्याला प्रश्नच कळला नव्हता. हे मला जाणवलं, पण मी ते बाजूला सारलं. मग नेहमीचा सौदा मांडला. आवाज उतरवला, पाणी दिलं आणि म्हणालो, "बघ, डब्या कुठं आहेत सांग. सहकार्य केलंस असं मी लिहितो. साहेबांशी मी बोलतो."

हा सौदा मी शेकडो वेळा केलाय. समोरचा चोर असेल तर तो कलमाचं विचारतो, जामिनाचं विचारतो, जोडीदार सापडला का ते विचारतो. हा जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, व्हय म्हटलं, तर सोमवारपातूर सोडता का?"

"सोमवारी काय आहे?"

उत्तर बाहेर बाकावर बसलं होतं. त्याची बायको रिक्षा करून मोशीहून आली होती. मी बाहेर गेलो तशी ती उठली आणि एक कागद माझ्यापुढे धरला.

"ओ साहेब, ही बघा पावती. तुमच्याच हितल्या खिडकीवर दिलीय. चारित्र्य पडताळणीची. मोठ्या कंपनीत निवड झालीय त्यांची, ठेकेदार न्हाई, कंपनीच्या नावावर. सोमवारी दाखला घेऊन बोलावलंय. तीन वेळा परीक्षा दिली त्यांनी त्यासाठी."

पावती आमच्याच ठाण्याची होती, आमच्याच शिक्क्याची. त्या दिवशी शुक्रवार होता.

आमच्याकडची पद्धत वाचकांना ठाऊक नसेल. पडताळणीचा अर्ज आला की अंमलदार संगणकात नाव टाकतो. काही नसेल तर अहवालात 'निरंक' असं लिहितो. अटक एकदा नोंदवली की ती नोंद राहते. पुढे माणूस निर्दोष सुटला तरी त्या रकान्यात काहीतरी उमटतं, आणि कंपनीचा माणूस ते 'काहीतरी' बघतो, पुढचं वाचत नाही. म्हणजे तो माणूस दोषी की निर्दोष हा प्रश्न कोर्टाचा होता. माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती नोंद करायची की नाही.

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला.

"अटक दाखवली का?"

"सर, थोडी शंका आहे."

"शंका कसली? कार्ड त्याचं, नाव त्याचं, फोटो त्याचा. कॉम्प्युटर काय कुणाकडून पैसे खातो का? सहापर्यंत दाखवा. उद्या पत्रकारांना बोलावलंय."

मी फोन ठेवला. अकरा वाजले होते. खोलीत येरझाऱ्या घालू लागलो. आमचे ड्रायव्हर हवालदार खेडकडचे, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. दारात उभे राहून म्हणाले, "सायेब, बसा की जरा. फरशी झिजंल."

मी त्यांच्यावर ओरडलो. ते हलले नाहीत. माझ्याबरोबर राहून त्यांना सवय झाली होती.

परत आत गेलो. त्या माणसाच्या गळ्यातलं कार्ड आम्ही काढून टेबलावर ठेवलं होतं. मी ते उचललं. प्लास्टिकच्या पाकिटाचा खालचा कोपरा चघळून चघळून पांढरा पडला होता. दातांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

"कार्ड चावायची सवय आहे का रे?"

"म्या न्हाई चावलं, साहेब. मला दिलं तवाच तसं होतं. दोरी बी जुनीच. म्या धुऊन घेतली. दुसऱ्याची उष्टी वस्तू गळ्यात घालायची म्हंजी..." त्याने तोंड वाकडं केलं.

नवीन माणसाला जुनी दोरी. मी उभाच राहिलो. कारण हा प्रकार माझ्याबाबतीत घडून गेला होता.

शिपायाची ओळख म्हणजे त्याचा बक्कल नंबर. ड्युटी लावताना, डायरीत लिहिताना, शिक्षा देताना नंबरच चालतो. माझी एका घटकातून दुसऱ्या घटकात बदली झाली तेव्हा मला जो नंबर मिळाला, तो आधी दुसऱ्या एका शिपायाचा होता. तो गडी गार्ड ड्युटीवर झोपलेला सापडला होता. शिक्षेचा कागद उशिरा निघाला, नंबर पाहून फाईलला लागला, आणि तोपर्यंत तो नंबर माझा झाला होता. मी आयुष्यात ड्युटीवर झोपलो नाही. पण माझ्या सेवापुस्तकात मी झोपलेला आहे. तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं, 'सदर बक्कल क्रमांक अभिलेखानुसार आपलाच असल्याचे दिसून येते.' त्या एका ओळीने माझी बढती दोनदा अडवली. माझ्याबरोबरचे लोक निरीक्षक झाले. मी त्यांना सलाम ठोकत राहिलो.

हवालदारांना म्हणालो, "गाडी काढा."

"जेवायचं व्हतं, सायेब."

"डबा गाडीत खा."

कंपनीत मनुष्यबळ विभागाचे व्यवस्थापक भेटले. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. शेजारी ठेकेदाराचा सुपरवायझर.

"सर, डेटा द्यायला आमची हरकत नाही. पण मुख्य कार्यालयाची परवानगी लागते. आपण पत्र द्या. आठ-दहा दिवसांत होऊन जाईल."

मी खुर्ची ओढून बसलो. राग आला की मी ओरडतो, पण भाव करायचा असेल तेव्हा आवाज चढवत नाही.

"काही घाई नाही," मी म्हणालो. "तुम्ही पत्राची वाट बघा. तोपर्यंत मी ते मशीन आणि तो कॉम्प्युटर पंचनामा करून जप्त करतो. सील लावून घेऊन जातो. साडेतीनला दुसरी शिफ्ट येईल, तेव्हा गेट वहीवर चालवा. माणसं किती आत-बाहेर करतात? सहाशे? एक जाड वही आणून ठेवा."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. "सर, असं कसं..."

"नाहीतर ज्यांना हे सॉफ्टवेअर कळतं त्यांच्यासमोर मला एक तास बसवा. मशीन तुमचं, तास माझा. बघा, कुठलं स्वस्त पडतं."

पाच मिनिटांत आम्ही आतल्या खोलीत होतो. ठेकेदाराचं सगळं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या एक मॅडम होत्या. पंचविशीच्या पुढच्या, संत तुकाराम नगरहून स्कूटरवर यायच्या. त्या दिवशी माझ्याशी सरळ बोललेलं पहिलं माणूस त्याच.

"साहेब, हे एक टेबल कामगारांचं." त्यांनी पडद्यावर दाखवलं. "टोकन, नाव, फोटो, मोबाइल, पत्ता. आणि हे दुसरं टेबल पंचिंगचं. ह्यात फक्त टोकन, दरवाजा, तारीख आणि वेळ. नाव ह्यात नसतं."

"का नसतं?"

"नसावंच. एक गोष्ट एकाच जागी लिहायची, हा डेटाबेसचा पहिला धडा. नाव प्रत्येक पंचावर लिहिलं आणि ते चुकलं, तर हजार ठिकाणी दुरुस्त करत बसा. म्हणून रिपोर्ट काढताना कॉम्प्युटर टोकन घेऊन कामगारांच्या टेबलात जातो आणि तिथं त्या टोकनापुढे जे नाव आज असेल ते आणून लावतो."

"आज असेल ते?"

"हो."

"चोरीच्या दिवशी होतं ते नाही?"

"त्या दिवशी कोण होतं ते कुठं लिहिलेलंच नाही, साहेब."

मी सुपरवायझरकडे वळलो. "माणूस सोडून गेला की टोकनचं काय करता?"

"नव्या माणसाला देतो की, साहेब. कार्डं छापून आलेली असतात, वाया कशाला घालवायची?"

"आणि कॉम्प्युटरात?"

"नवीन माणूस टाकायचा तर बावीस रकाने भरावे लागतात. जुन्यावरच नाव, फोटो, मोबाइल, पत्ता बदलला की झालं. चार रकान्यांत काम होतं." तो जरा अभिमानानेच बोलला. "सगळेच तसं करतात."

"लागल्याची तारीख?"

"ती राहते तशीच. तिला कोण बघतंय?"

मागून हवालदारांचा आवाज आला. "म्हंजी नवरा बदलला की आदीच्या पोरांचा बाप बी बदलला, असं हाय व्हय हे!"

मॅडम हसल्या. "तसंच समजा, काका. ज्या नंबरावरून माणूस ओळखायचा, तो नंबर एकदा दिला की दिला. माणूस गेला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. टोकन हा कार्डाचा नंबर आहे. माणसाला त्याचा स्वतःचा वेगळा नंबर हवा. आणि मग तिसरं टेबल: कुठलं टोकन, कुणाकडे, कधीपासून कधीपर्यंत. मग कार्ड दहा हातांतून गेलं तरी काही बिघडत नाही."

"मग तसं केलं का नाही?"

"दोन वेळा सांगितलं. ह्यांना विचारा." सुपरवायझर छताकडे बघू लागला.

मला तेव्हा त्याला छताला टांगावंसं वाटत होतं. पण घड्याळात दोन वाजून गेले होते. "मॅडम, आधीचं नाव गेलंच का मग? कुठंच नाही?"

त्यांनी सुपरवायझरकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला. "मी दर शनिवारी सगळ्याची कॉपी काढून ठेवते. मला कुणी सांगितलेलं नाही. एकदा मशीन बंद पडलं होतं तेव्हा सगळा दोष माझ्यावर आला, तेव्हापासून ठेवते."

तीन महिन्यांपूर्वीची कॉपी उघडायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी खोलीत किती फेऱ्या मारल्या ते हवालदारांनी नंतर ठाण्यात सगळ्यांना सांगितलं. शेवटी पडद्यावर ओळ आली. टोकन दोनशे चौदा. नाव दुसरं, फोटो दुसरा. विभाग, टूल रूम मदतनीस.

"हा आता कुठं असेल?"

"टोकनवरून सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मोबाइल नंबरवरून बघते." त्यांनी काहीतरी टाइप केलं. "हा बघा. ह्याच ठेकेदाराकडे आहे अजून, महाळुंग्याच्या प्लांटला. टोकन अठ्ठ्याऐंशी. कॉम्प्युटरला वाटतं ही दोन वेगळी माणसं आहेत."

एका टोकनावर दोन माणसं, आणि एका माणसाची दोन टोकनं. मी त्यांच्याकडून तेव्हाच्या आणि आजच्या नोंदींचे कागद काढून घेतले, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागतं ते प्रमाणपत्र सहीनिशी घेतलं आणि निघालो.

महाळुंग्याला शिफ्ट साडेतीनला बदलते. आम्ही तीन पंचविसला गेटसमोरच्या वडापावच्या गाडीशी उभे राहिलो, साध्या कपड्यांत. माणसांचा लोंढा बाहेर आला. चेहरा मी फोटोत पाहिला होता, पण ओळखलं हवालदारांनी.

"सायेब, त्यो बघा. निळा शर्ट. कार्ड तोंडात हाय."

खरंच होतं. चालता चालता तो कार्डाचा कोपरा चघळत होता. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. ह्या वेळी रांगेतून ओढलं नाही, शेजारी चालत गाडीपर्यंत नेलं.

ठाण्यात त्याची चौकशी पंधरा मिनिटांत आटोपली. मी ओरडलो नाही. दोनशे चौदाचं कार्ड काढून त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं, चावलेला कोपरा त्याच्याकडे करून. त्याने ते पाहिलं. मग हळूच तोंडातलं कार्ड काढलं आणि शर्टावर पुसलं.

"साहेब, कलम कुठलं लागंल?" त्याने विचारलं.

चोर हा प्रश्न विचारतो. मी घड्याळ पाहिलं. पावणेपाच. सात डब्या त्याच्या खोलीत पोत्याखाली निघाल्या. दोन त्याने खपवल्या होत्या.

सहा वाजता वरिष्ठांना फोन करून अटक दाखवली. त्यांनी विचारलं, "नाव वेगळं कसं?" मी सांगू लागलो, तर म्हणाले, "ठीक आहे, तांत्रिक विश्लेषण म्हणा." रविवारी पेपरात तेच आलं, वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली तांत्रिक विश्लेषणाच्या आधारे. शनिवारच्या कॉप्या काढून ठेवणाऱ्या मॅडमचा त्यात उल्लेख नव्हता. माझाही नव्हता. उलट सकाळी आदेश देऊनही अटक का लांबवली, असा खुलासा मला आठवड्याने मागितला. तो मी दिला. जरा तिखटच दिला.

मोशीच्या माणसाला मी साडेसहाला सोडलं. कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं नाही.

"सकाळी सगळ्या रांगेनं बगितलं, साहेब," तो म्हणाला. "त्यांना कोण सांगणार?"

माफी मागायची सवय मला नाही, आणि त्या दिवशीही जमली नाही. मी फक्त त्याच्या बायकोकडून पावती मागून घेतली, अंमलदाराच्या खिडकीपाशी गेलो आणि तो अर्ज वर काढायला लावला.

अंमलदाराने नाव टाकलं. चक्र फिरत राहिलं. आमचं नेट म्हणजे दिव्य. ती दोघं माझ्या मागे उभी होती. सकाळी मी वरिष्ठांचं ऐकलं असतं तर त्या पडद्यावर काय आलं असतं, हे फक्त मला माहीत होतं. मग पडदा उघडला. काही नव्हतं. अंमलदाराने अहवालात शब्द लिहिला, मी खाली सही केली. निरंक.

शनिवारी दाखला निघाला. सोमवारी तो कामावर रुजू झाला, असं हवालदारांकडून कळलं.

ह्या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. कागद किंवा कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, पण तो फक्त विचारलेल्याचं उत्तर देतो. दोनशे चौदा कोण आहे, असं आम्ही विचारलं आणि त्याने बरोबर सांगितलं. त्या रविवारी दोनशे चौदा कोण होता, हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते लिहून ठेवलेलं नव्हतं. तरुण अधिकाऱ्यांना मी हेच सांगतो. छापील नाव दिसलं की आधी विचारा, हे नाव इथं कधी आलं आणि ह्याच्या आधी इथं कोण होतं.

निवृत्तीच्या दिवशी मी सेवापुस्तक मागून पाहिलं. ती ओळ तशीच आहे. गार्ड ड्युटीवर निद्रिस्त आढळला. ज्याने ती झोप घेतली तो निरीक्षक होऊन निवृत्त झाला, आणि तो काही वाईट माणूस नाही. त्याच्या पुस्तकात त्या जागी काहीच लिहिलेलं नसेल. मी चौथा अर्ज लिहून ठेवलाय. त्याच्यासोबत त्या शुक्रवारच्या 'निरंक' अहवालाची झेरॉक्स जोडायची असं ठरवलंय, कायद्याने तिचा काही उपयोग नसला तरी. खालची सही माझी आहे, हे तरी त्यांना दिसेल.